हबवरच्या तीन रेघा

अंगणातल्या फरशीवर आज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसला. वाकून बोट लावलं, नाकाशी नेलं; गिअर ऑइलचा तोच उग्र, गंधकी वास. वडिलांच्या जुन्या जीपचं उजवं मागचं चाक गळू लागलं होतं. डाव्याची गळती दोन वर्षांपूर्वी थांबवून घेतली, आणि त्या दुरुस्तीची आठवण आली की मला अजून स्वतःचीच शरम वाटते.

मी मुळात संशयी माणूस. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तर कधी पोळलंही नव्हतं, तरी फुंकणं सुटलं नाही. भाजीवाल्याचा तराजू वाकून पाहणारा, ऑटोवाल्याला त्याचाच रस्ता समजावणारा मी. वडील अगदी उलटे. सेमाडोहच्या घाटातून तापून आलेली जीप ते अमरावतीत चाचांच्या गॅरेजात लावायचे, किल्ली द्यायचे आणि मागे न बघता निघून जायचे. चाचा म्हणजे तिथले म्हातारे मिस्त्री. वडिलांमागे मीही तसंच करत आलो, पण सवयीनं, भरवशानं नव्हे.

त्या दिवशी चाचांनी डावं चाक उतरवलं, त्याचा मधला लोखंडी भाग, हब, काढून परातीत ठेवला आणि म्हणाले, "नुसतं तेलाचं सील बदलून भागत नाही भाऊ. सील बसते ती जागाच घिसली. लेथवर पाठवून बुशाची नवी कडी चढवा लागते. गाडी ठेवून जा." नेमकं त्याच आठवड्यात अकोल्याच्या एका ओळखीच्यानं माझ्या कानात विष ओतलं होतं: "जुनं पोलाद आता भेटते का? मिस्त्री लोकं हबच बदलून देतात, तुले पत्ताही लागत नाही." चाचांचे तेलकट हात, संथ बोलणं, सगळंच मला बनाव वाटू लागलं. दुपारची अजान झाली. चाचा हात धुऊन निघाले. "जरा दुकान पाहा भाऊ, नमाज पढून येतो." सगळी हत्यारं, दोन उघड्या गाड्या माझ्यावर सोडून ते गेले, आणि मी खिळा घेऊन हबवर गुपचूप तीन रेघा ओढल्या.

दोन दिवसांनी हब परत आला. "जरा पाहू," म्हणत मी तो हातात घेतला, फिरवला, चाचपला. रेघा दिसल्या नाहीत. संताप आला आणि, खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. सापडला चोर!

चाचा माझ्याकडेच बघत होते. "खालच्या अंगानं ग्रीस पुसून पाहा भाऊ. तीन रेघा हायेत. लेथवाला घासून टाकत होता. मी म्हटलं राहू दे, भाऊची निशाणी हाय."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. भांडून मोकळा तरी झालो असतो. "चाचा, ते..." मी म्हणेपर्यंत त्यांनी सील ठोकायला घेतलं होतं.

ते चाक त्यानंतर थेंबभरही गळलं नाही. आज उजव्या चाकासाठी चाचांना फोन केला, म्हटलं गाडी ठेवून जातो. "नाही भाऊ, तुमी आल्याबिगर एकही नट खोलत नाही." हे आता नेहमीचंच. जुना वायसरसुद्धा ते कागदात गुंडाळून माझ्या हातात देतात, नवा दाखवून मगच बसवतात. माणसाच्या मनातून उतरायला एक दुपार पुरते; पुन्हा चढायला किती वर्षं लागतात, मला ठाऊक नाही. बाकीची गिऱ्हाइकं किल्ली देऊन आपापल्या कामाला जातात. मी समोर बसून पाहतो. लाज वाटते, तरी पाहतो. चाचांनी त्यासाठी एक नवं स्टूल आणून ठेवलं आहे. त्यावर दुसरं कुणी बसत नाही.