हळदीने न पुसलेलं नाव

गेल्या महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारी दीडच्या सुमारास, भिवंडीच्या निजामपुऱ्यातून फोन आला. उस्मानभाई गेले. ओट्यावर मी आणि आई दोघेच होतो. आईने हातातलं सूप खाली ठेवलं. "खुर्च्यांवालं?" मी मान हलवली.

उस्मानभाई छपाईवाले. कागद-कापडावरचे नव्हेत, पत्रा, लाकूड आणि प्लास्टिकवरचे. लूमच्या लाकडी बॉबिनांवर मालकाचं नाव, मशीनवरच्या पत्र्याच्या पट्ट्या, वळ गावच्या गोदामांतले क्रेट... त्यांच्या हातचं काम भिवंडीभर फिरत असे. आपली तारीफ ते स्वतःच करत, दुसऱ्याची वाट बघत नसत. "लाकूड रंग पितं, पत्रा घासून दिला की धरून ठेवतो. प्लास्टिक तोंड फिरवून बसतं. त्याला मनवणारा भिवंडीत एकच, तुमच्यासमोर बसलाय!" आणि ते खरं होतं, हे मी पाहिलेलं आहे.

आमच्या शेलार गावात वारलेल्या माणसाच्या नावाने गावाला काही देतात. पूर्वी टोप, पराती देत, आता खुर्च्या. बाबांच्या वर्षश्राद्धाला आम्ही प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या दिल्या. पाठीवर बाबांचं नाव आणि खाली 'यांच्या स्मरणार्थ'. विकणाऱ्यानेच ते छापून दिलं होतं. पहिल्याच हळदीत लोकांचे तेल-हळदीचे हात पाठींना लागले, सकाळी पोरींनी खुर्च्या घासून धुतल्या, आणि निम्म्यांवरची अक्षरं पाण्याबरोबर गेली. नाक्यावर एकाने ओरडून विचारलं, "काय रं, बापूस धुवून निंगाला तुझा?" सगळे हसले. आई माझ्या मागेच उभी होती. त्या दिवसापासून कोणाच्याही कार्यात ती खुर्चीवर बसेना. गुडघे धरलेले असूनही खाली जमिनीवर बसे. मी समजावलं, बहिणीने समजावलं. उपयोग झाला नाही.

एक खुर्ची रिक्षात घालून मी उस्मानभाईंकडे गेलो. त्यांनी उरलेल्या अक्षरावर नख ओढलं. अक्षर सालीसारखं निघालं. "भाऊ, हे छापलंय की टिकली लावलीय?" म्हणाले, सगळ्या घेऊन या. निम्म्यांवर नाव अजून आहे, असं मी सांगितलं. "आज आहे," एवढंच म्हणाले.

खुर्च्या टेम्पोने त्यांच्या अंगणात उतरल्या. आधी थिनरने जुना रंग पूर्ण काढला. मग गॅसच्या बत्तीचा निळा जाळ पाठीवरून एका लयीत फिरवला. हात थांबला तर खुर्ची वितळते, घाई केली तर रंग धरत नाही. पाठ वाकडी असल्याने छपाईची नेहमीची जाळीची चौकट तिथे चालत नव्हती. म्हणून नाव पत्र्याच्या पट्टीत कोरलं, त्यात शाई भरली, सिलिकॉनच्या मऊ गादीने ते उचललं आणि पाठीवर दाबलं. गादी वळणाबरोबर वळली. नाव सरळ उमटलं. प्रत्येक खुर्ची त्यांनी स्वतः केली. मग मला म्हणाले, "शाई पक्की होऊ दे. परवा आईंना घेऊन या. पास त्या करतील. हळद घरची आणा, तेलही. काथ्या मी देतो."

आई आली, पण नाराजीनेच. उस्मानभाईंनी ढिगातली कुठलीही एक खुर्ची तिलाच निवडायला लावली. आईने हळद-तेल चोळलं, काथ्या घेतला.

"मावशी, जोर लावा. माझ्यावर दया करू नका."

"रंग गेला तं मंग रडू नको."

"गेला तर दुकानाला कुलूप. चावी तुमच्याकडे."

आईने दम लागेपर्यंत घासलं. वरून पाणी ओतलं. पिवळा ओघळ खाली गेला आणि बाबांचं नाव काळंभोर तसंच राहिलं. आईला वाचता येत नाही. तिने पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं. मग ती ओलीच खुर्ची वळवून तिच्यावर बसली, पाठ टेकली आणि म्हणाली, "चाय तरी पाज आता."

उस्मानभाई स्वतः उठून चहा सांगायला गेले.

नंतर गावातल्या बऱ्याच घरांनी आपापल्या माणसांची नावं त्यांच्याकडूनच छापून घेतली. एकही गेलेलं नाही. मी मोजून पाहिलं आहे.

परवा शेजारी हळद होती. सकाळी एक नवी सून खुर्च्या धूत होती. बाबांच्या नावाभोवती ती हलक्या हाताने, नाव चुकवून फडकं फिरवत होती. आई पलीकडच्या खुर्चीवर बसून बघत होती. तिला राहवलं नाही.

"भितंस कशाला गो? घास जोरान. उस्मानचा काम हाय तो."