मुलंबाळं विचारणारे डॉक्टर

लग्नाला सहा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं, आणि लंडनच्या वेम्बलीतल्या मराठी मंडळींना दुसरा विषय नव्हता. वाणसामानाच्या रांगेत, गणपतीच्या आरतीनंतर, कुणीही विचारायचं, "मुलंबाळं?" माझं उत्तर ठरलेलं: "आम्ही दोघं मजेत आहोत." बोलणं तिथेच तुटायचं. टाइल्सचं दुकान मी एकट्याने उभं केलंय. समोरच्याला कुठे गप्प करायचं ते मला कळतं.

नव्या शतकाची पाच-सहा वर्षं झाली असतील. मी थकायला लागलो. टाइल्सची पेटी उचलली की धाप लागायची, बायकोजवळ जावंसंही वाटेना. आमचे जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, मराठीच, वडीलधारे, मराठी मंडळात पहिल्या रांगेत बसणारे. त्यांनी दोनदा सकाळी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन फार कमी निघालं. प्रिस्क्रिप्शन लिहिताना मान वर न करता त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

मी ठरलेलं उत्तर दिलं.

त्यांनी मान डोलावली. मी टेस्टोस्टेरॉनचं जेल घेऊन घरी आलो. रोज सकाळी खांद्याला चोळायचं. हळूहळू अंगात जोर आला, दुकानात माझा आवाज पुन्हा चढला. आठ महिन्यांनी, मूल का होत नाही म्हणून केलेल्या बायकोच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्यावर, हॉस्पिटलने माझं वीर्य तपासलं. त्यात एकही शुक्राणू नव्हता.

"हार्मोन बाहेरून मिळतंय म्हटल्यावर मेंदू वृषणांना हुकूम देणं थांबवतो," तिथल्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं. बाहेरून तयार माल आला की कारखाना थंडावतो, हे मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

त्याच दुपारी जीपींच्या खोलीत गेलो.

"जेल लावून मूल होणं अवघड, हे सांगायला काय झालं होतं?"

"अहो, मी विचारलं होतं ना तुम्हाला."

"तसं तर मंडळात सगळेच विचारतात."

"मी डॉक्टर म्हणून विचारलं."

"मग डॉक्टरसारखं विचारायचं. पेन खाली ठेवून, माझ्याकडे बघून."

"आवाज खाली करा."

मी केला नाही.

खोटं मीच बोललो, असं बायको आजही म्हणते. मुलीसमोर नाही, पण म्हणते. मला मान्य नाही. मी गिऱ्हाइकाला विचारतो, टाइल बाथरूमला हवी की अंगणाला, आणि का विचारतोय तेही सांगतो: गुळगुळीत टाइल अंगणात बसवली तर पावसात कुणीतरी आपटेल.

जेल बंद झालं. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, मेंदूच्या हुकमाचं काम करणारं. बायको टोचायची. "सहा महिने, कदाचित वर्ष. खात्री नाही," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. तीन महिन्यांत काही दिसेल का, म्हणून मी घासाघीस करून पाहिली. त्या हसल्या, पण खाली आल्या नाहीत. तीन महिन्यांनी शून्यच होतं. सहा महिन्यांनी थोडे दिसले.

त्या दिवाळीत मंडळाच्या जेवणात एका काकूंनी बायकोला विचारलं, "काय गं, अजून काही नाही? एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखव ना."

बायको ताटाकडे बघायला लागली. इतकी वर्षं ती अशीच ताटाकडे बघत होती आणि मी माझ्या उत्तरावर खूश होतो.

"काकू," मी म्हणालो, "तिला काही झालेलं नाही. औषध माझं चालू आहे. आणि हो, आम्हाला मूल हवंय."

पलीकडच्या टेबलावर जीपी श्रीखंड वाढून घेत होते. त्यांना ऐकू जाईल इतक्याच आवाजात मी बोललो होतो.