आखाडातली पट्टी

समुद्रातले मासे राखण्यात हयात घालवलेले ते शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर आमच्या नगरला राहायला आले. दर रविवारी मासळी बाजारात भेटायचे. खिशातून शाळेची पट्टी काढून मुळा धरणातला रहू मोजायचे. पट्टीएवढा भरला नाही की मासेवाल्या मावशीला म्हणायचे, "हा अजून वाढायचा होता, बाई." आवाज कधी चढायचा नाही, तेच मला खुपायचं.

आखाडात मी हटकून पोटात अंड्यांची गाभोळी असलेली मासळी घ्यायचो. ते हळूच म्हणायचे, "सर, आखाड तुमचा, पण बाळंतपण तिचं." मी हसून पिशवी पाठीमागे न्यायचो.

ते गेले. शोकसभेत त्यांच्या पट्टीवर मीच बोललो.

परवा, आखाडातल्याच रविवारी, मावशीने हाक मारली. "सर, तुमी लई चांगलं बोलला म्हनं. सायबांची पट्टी माज्याकडंच ऱ्हायली हाय. आता तुमीच मोजत जा. गाभोळीची मासळी मी आता आनीतच न्हाई."

पट्टी घ्यायला उजवा हात मोकळा नव्हता. पिशवी दुसऱ्या हातात घेतली. तिच्यात शेजारच्या गाळ्यावरची, पोट फुगलेली मासळी होती.