धुक्यातली हातोडी

ज्या दिवशी जर्मनीहून सुधीरच्या आजारपणाची तार आली, त्या दिवशी मी दत्तगुरूंपुढे दिवा लावला नाही. श्रद्धा नव्हती असं नाही, तोंड नव्हतं. सुधीर माझा धाकटा भाऊ, न्युरेंबर्गच्या एका कारखान्यात नोकरीला. आठ महिन्यांपूर्वी आई गेली तेव्हा तो जयपूरला येऊ शकला नाही, रजा मिळाली नाही असं त्याने कळवलं. माझी जीभ मुळातच तिखट, आणि लेखणी तिच्या वरताण. आईचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याला पत्र लिहिलं आणि शेवटी लिहिलं, 'मला तू मेलास.' स्वतः चालत जाऊन ते पेटीत टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. आणि आता त्याच्या मित्राने कळवलं होतं की सुधीरच्या डोक्यात गाठ निघाली आहे, महिनाअखेरच्या गुरुवारी दुपारी बारा वाजता ऑपरेशन आहे, आणि डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. शेजारच्या शर्माभाभी माझा हात धरून म्हणाल्या, "दीदी, भैया ठीक हो जाएगा." त्यांना काय ठाऊक, मी त्याला काय लिहून बसले होते ते! माझी एकच धडपड होती. त्याला भूल देण्याच्या आत पोचायचं आणि ते शब्द मागे घ्यायचे.

वडील रेल्वेत होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला रेल्वेच्याच कचेरीत कारकून म्हणून घेतलं, म्हणून आमचं बिऱ्हाड जयपूरच्या रेल्वे कॉलनीत राहिलं. परदेश सोडा, मी एकटी कधी भुसावळच्या पुढे गेले नव्हते. सगळ्यात स्वस्त विमान मिळालं ते थेट वर हँबुर्गला उतरणारं, आणि सुधीर खाली दक्षिणेत. सवलतीचा पास मिळाला तोही फक्त सावकाश जाणाऱ्या गाड्यांना चालणारा. त्यामुळे हँबुर्ग, हानोवर, ग्योटिंगन, फुल्डा अशी शहरं मी दोन दिवस तुकड्यातुकड्यांनी ओलांडली. प्रत्येक शहर मला तेवढंच दिसलं जेवढं फलाटावरून दिसतं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर होती. चटणीचा डबा उघडला की समोरची माणसं सभ्यपणे खिडकीबाहेर बघायची. रागावण्याइतकी ताकदही माझ्यात उरली नव्हती. मी नामस्मरण करत होते, पण ते नुसतं ओठांचं. मनात ते तीन शब्द फिरत होते.

गुरुवारी सकाळी वुर्ट्सबुर्गला गाडी बदलायची होती. तिथून न्युरेंबर्गची जी गाडी होती ती चुकली तर बाराच्या आत पोचणं शक्यच नव्हतं. नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट होतं की खिडकीबाहेर काही आहे यावरच विश्वास बसेना. वुर्ट्सबुर्ग जवळ आलं आणि गाडी थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आणि तिथे माझ्या हातून जे झालं ते रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाच्याच हातून होईल. स्टेशनात जागा नसली की आमच्याकडे गाडीला बाहेरच्या सिग्नलला ताटकळत ठेवतात. आम्ही त्याला 'आउटर' म्हणतो. आमची कॉलनी रुळांना लागून, त्यामुळे आउटरला गाडी थांबली की फलाटाच्या उलट्या बाजूने खाली उतरायचं आणि रूळ ओलांडून चालू लागायचं, हे आमच्या अंगवळणी पडलेलं. आई तर नऊवारीत, हातात ट्रंक घेऊन उतरायची. दूर फलाटाचे दिवे पुसटसे दिसत होते. मी बॅग उचलली, दार उघडलं आणि उतरले. डब्यातल्या एक आजीबाई हात हलवून मोठ्याने काहीतरी म्हणाल्या. मला वाटलं, निरोप देतायत.

गाडी लगेच हलली आणि निघून गेली. तिच्या खिडक्यांचा उजेड गेला आणि फलाटाचे दिवेही धुक्यात बुडाले. मी रुळांच्या जंजाळात उभी होते आणि पांढऱ्या धुक्यात मला माझे स्वतःचे पायसुद्धा नीट दिसत नव्हते. किती रूळ आहेत, कुठल्यावरून काय येतंय, काही समजेना. घरी रूळ ओलांडताना कान सोबत असतात, कुठून तरी इंजिनाचा धापा टाकल्यासारखा आवाज येतोच. इथे विजेच्या गाड्या आणि कानात बोळा घातल्यासारखी शांतता. मला पहिल्यांदा कळलं की मी इथे मरू शकते, आणि सुधीरला शेवटचे मिळालेले शब्द तेच राहतील. मी मोठ्याने म्हटलं, "महाराज, आता मला काही येत नाही." आयुष्यात मी असं कधी कुणाला म्हटलेलं नव्हतं, ना ऑफिसात ना देवाला.

आणि उजवीकडून आवाज आला. ठण्.

वडिलांचं काम होतं उभ्या गाडीची चाकं लांब दांड्याच्या हातोडीने ठोकून तपासण्याचं. चाक धड असलं तर स्वच्छ 'ठण्' वाजतं. तडा गेला असेल तर आवाज बसका येतो. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन यार्डात जायची तेव्हा त्यांनी मला एकच नियम शिकवला होता. आवाज बसका आला की जिथे असशील तिथे थांबायचं, मी हाक मारेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. मी काही विचार केला नाही. चाकं ठोकतायत म्हणजे गाडी उभी आहे, गाडी उभी आहे म्हणजे फलाट आहे, एवढाच हिशेब. आवाजाच्या दिशेने निघाले. मी चालले की तो वाजायचा आणि थांबले की थांबायचा. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा अंगावर सर्रकन काटा आला, पण मागे फिरायला मागे काहीच नव्हतं.

मग आवाज बसका आला.

मी उचललेलं पाऊल तसंच मागे घेऊन खिळल्यासारखी उभी राहिले. माझ्या अगदी समोरून, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून, एक भरधाव गाडी गेली. आधी काही ऐकू आलं नव्हतं. वाऱ्याने माझा पदर त्या दिशेला ओढला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. खिडक्यांचा उजेड डोळ्यांसमोरून सळसळत गेला आणि पुन्हा पांढरं झालं. बऱ्याच वेळाने त्या रुळाच्या पलीकडून पुन्हा स्वच्छ आवाज आला. ठण्. मी रूळ ओलांडला. आणखी काही पावलांवर फलाटाचा उतार पायाला लागला.

फलाटावर गाडी नव्हती. लाल टोपी घातलेला, उतारवयाचा एक रेल्वेचा माणूस धावत आला आणि माझा दंड धरून खूप रागावला. बाकावर बसलेल्या एका मुलीला इंग्रजी येत होतं, तिने समजावून सांगितलं. मी विचारलं, चाकं कोण ठोकत होतं? तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, या फलाटाला सकाळपासून गाडीच लागलेली नाही, तुमची गाडी पार पलीकडे लागली, इथे कुणी काही ठोकत नव्हतं. मी हाताने करून दाखवलं, तोंडाने आवाज काढला. मी बसका आवाज काढला तेव्हा त्याचा चेहरा बदलला. त्याने टोपी काढली आणि धुक्याकडे कान देऊन बराच वेळ उभा राहिला. त्याला काय ऐकू आलं ते मला माहीत नाही. मग त्याने, टोपी हातातच धरून, मला दुसऱ्या फलाटावर नेलं आणि धुक्यामुळे खोळंबलेल्या न्युरेंबर्गच्या गाडीत स्वतः बसवलं.

ती गाडी खोळंबली तशीच रखडत गेली. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा सुधीरला आत नेऊन वीस मिनिटं झाली होती.

तिथल्या बाकावर मी साडेचार तास बसले. सुरुवातीला भांडले देवाशी. एवढं रुळांतून हात धरून आणलंस, मग वीस मिनिटांनी काय बिघडत होतं? मग भांडणही संपलं. मी माझ्या आयुष्यात सगळं केलं होतं, वडिलांमागे घर चालवलं, आईचं केलं, सुधीरला शिकवलं, आणि त्या सगळ्याचा हक्क गाजवला होता. त्या दारापुढे करण्यासारखं काहीच नव्हतं. मी हात मांडीवर ठेवले आणि म्हटलं, तू आणलंस तिथवर मी आले, पुढचं तुझं. मन शांत झालं असं सांगणार नाही. भीती होतीच, पण तिच्याशी झुंजणं थांबलं.

ऑपरेशन निभावलं. संध्याकाळी मला दोन मिनिटं आत सोडलं. सुधीरचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांनी बांधलेलं, डोळे मिटलेले. मी त्याच्या कानाशी वाकून म्हटलं, "मी ते लिहायला नको होतं. माझं चुकलं." तो हलला नाही. बाहेर आले ती याच विचारात की शब्द गेले वाया.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता. मी चमच्याने पाणी पाजलं. इकडचं तिकडचं बोलले, शर्माभाभींचं, घराच्या रंगाचं. मग धीर करून पुन्हा सुरुवात केली, "सुधीर, ते पत्र..."

तो अर्धवट हसला. त्याचं मराठी आधीच निम्मं हिंदी, त्यात जीभ जड झालेली. "ताई, मतलब, काल ऐकलं गं मी. पण तू असं कधी बोलत नाहीस ना. अजून एकदा म्हण."

धुक्यात कोण होतं हे मी कुणाला पटवायला जात नाही. दत्तगुरू कुणाच्या हाती हातोडी देतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. एवढं मात्र मी पुरतं जाणून आहे की वेळेवर पोचले असते तर मी घाईघाईने ते शब्द मागे घेतले असते, एक काम उरकल्यासारखे. वेळ माझ्या हातातून काढून घेतली, आणि रिकाम्या हातांनी बसायला लावलं, हीच त्यांची कृपा. त्यांचे उपकार माझ्याने फिटणार नाहीत. सुधीरला मी ते पुन्हा म्हटलं. नर्स बघत होती, तरी तो म्हणेल तितक्यांदा म्हटलं.