सिनेटरच्या दातातला दोरा

अमेरिकेतल्या टोलिडोच्या सेंट किंगा विद्यापीठात पदवीदानाच्या पाहुण्याला झगा चढवायचं काम एकतीस वर्षं जेनोवेफा ग्राबारेककडे होतं. पोरं तिला बुशा म्हणत, म्हणजे तिकडच्या पोलिश लोकांच्या बोलीत आजी. पाहुण्यांच्या बाबतीत विद्यापीठाचे प्रमुख फादर पिलार्स्की यांचा शिरस्ता सरळ: एका वर्षी डेमोक्रॅट, पुढच्या वर्षी रिपब्लिकन. चर्च सगळ्यांचं! बुशा मात्र कामगार संघटनेच्या घरातली, हाडाची डेमोक्रॅट. रिपब्लिकन वर्षी तिच्या टाचण्या जरा जास्तच टोचत. दोन वर्षांपूर्वी तर कॉलर नीट करता करता तिनं एका राज्यपालाला असं झापलं, की बिचारा अर्धं भाषणच विसरला.

तेव्हापासून फादरांची तंबी होती. "जेनोवेफाबाई, या झग्यांच्या खोलीत राजकारणाचा एक शब्द जरी काढलात, तर पुढच्या वर्षी तुम्ही घरी बसा." घरी? घरी होतं काय, एक मांजर आणि टीव्ही! ही खोली म्हणजे बाईचा जीव की प्राण.

यंदाचे सिनेटर व्हिटकॉम म्हणजे रिपब्लिकनांतला अर्क. बुशानं ओठ घट्ट मिटून झगा चढवला. झग्याला माइक लावून झाला, तो अजून बंदच होता, बाहेर बँड सुरू झाला, आणि साहेब बुटाची नाडी बांधायला वाकले. चर्रर्र! पाठीची शिवण कमरेपर्यंत उसवली.

"तसेच उभे राहा," बुशा सुई ओवत म्हणाली. "आणि हा दोरा दातात धरा. अंगावरचं कापड शिवताना दोरा चावायचा, बोलायचं नाही. नाहीतर अक्कलसुद्धा शिवली जाते."

'असली तर,' हे ती मनात म्हणाली. सिनेटर मुकाट्यानं दोरा चावू लागले.

अहाहा! सिनेटर, आणि तोंड बंद! असा योग जन्मात एकदा यायचा, आणि नेमकं तेव्हाच तिच्या तोंडाला कुलूप. पेन्शन, हॉस्पिटल, बंद पडलेला कारखाना, सगळं जिभेच्या टोकावर नाचत होतं. दाराशी फादर उभे होते. त्यांनी बाहेर डोकावलं, दार लोटलं, कडी लावली आणि सिनेटरसमोर येऊन उभे राहिले.

"आता सापडलात!" फादर कडाडले. "पोरांच्या शिष्यवृत्तीला कात्री लावलीत ती लावलीत, वर ते हॉस्पिटल बंद पाडलंत! लाज नाही वाटली?"

तीन मिनिटं तोफ चालली. सिनेटरना "म्हंऽ म्हंऽ" पलीकडे काही जमेना. बुशाची सुई हवेतच राहिली.

"फादर," ती म्हणाली, "तंबी काय माझ्या एकटीलाच?"

फादर कानापर्यंत लाल झाले. "तंबी गेली खड्ड्यात. खोली तुमचीच. बोला, काय बोलायचंय ते!"

बुशा पुढ्यात आली. दोन वर्षांचं साठलेलं ओठांवर आलं होतं. पण हा पहाडासारखा माणूस इमानेइतबारे दोरा चावतोय आणि बाहेर बँड चौथ्यांदा तीच धून बडवतोय! बाईला असं हसू फुटलं, की खुर्ची धरावी लागली. फादर हसले. सिनेटरही हसले, पण दोरा काही सोडला नाही.

शेवटची गाठ मारून तिनं तो काढून घेतला. "बाळा, दहा मिनिटांत आटप. पोरांच्या आया केव्हाच्या उन्हात बसल्यात."

"आणि निवडणुकीत तुमचं मत मला?" सिनेटरनी विचारलं.

"जिवंतपणी तरी नाही!"

साहेब नऊ मिनिटं बोलले. बुशानं टाळ्या वाजवल्या, रिपब्लिकनासाठी आयुष्यात पहिल्यांदा, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून हळूच मागे वळून पाहिलं.