देवपूरला मागे घेतलेली बातमी

जळगाव स्टेशनाबाहेर धुळ्याची एसटी मिळाली, तेव्हा हिवाळ्याचं ऊन नुकतं वर येत होतं. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पारोळ्याच्या अलीकडे टायर पंक्चर झाला आणि आम्ही सगळे लिंबाखाली बसलो. शेजारच्या अक्कांनी कळण्याची भाकरी (ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली) आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला.

"काय काम करस माय?"

"खोल खाणीत यंत्रं मांडलीत. अणूच्या गाभ्यातला प्रोटॉन नावाचा कण कधी आपोआप फुटतो का, ते बघतो. फुटला तर विज्ञानाचे आजचे नियम अपुरे ठरतील."

"मंग फुटना का?"

"नाही. वाटलं होतं तसं. चूक झाली आमची."

हे मी प्रथमच मोठ्याने बोलले. ते सांगायलाच नानांकडे निघाले होते. नाना म्हणजे कॉलेजातले माझे पदार्थविज्ञानाचे शिक्षक, आता निवृत्त. यंत्रात प्रोटॉन फुटल्यासारख्या तीन खुणा उमटल्या तेव्हा उतावळेपणाने त्यांना पत्र लिहिलं होतं. पुढे कळलं, त्या खुणा न्यूट्रिनो या भलत्याच कणांच्या होत्या. चूक कळवणारं दुसरं पत्र लिहायला मन धजावलं नाही; भेटायला येतेय, एवढंच कळवलं.

धुळ्यात पांझरा नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या देवपूरला पोचले. नानांनी चार जुने सहकारी बोलावून ठेवले होते. "हिनेच प्रोटॉन फुटताना पाहिला," ते कौतुकाने म्हणाले. मी चहाचा कप खाली ठेवला आणि खरं सांगितलं.

नाना चष्मा पुसत राहिले. "केव्हा कळलं?"

"वर्ष झालं."

"चूक होते. पण वर्षभर मी लोकांना खोटं सांगत राहिलो, ते तुझ्यामुळे."

रात्री शेवभाजी खाऊन नानांकडेच मुक्काम केला.

सकाळी त्यांनी काठी घेतली. "चल. बातमी मी पोचवली, दुरुस्तीही मीच पोचवणार."

त्यांनी बातमी सांगितलेली आणखी पाच घरं आणि कॉलेजातली शिक्षकांची खोली. प्रत्येक दारात नाना म्हणत, "मी सांगितलं ते चुकीचं होतं. कसं, ते ही सांगेल." एका घरी कुणी हसलं. मी सांगत राहिले. चौथ्या घरापर्यंत आवाजातला कंप गेला होता.

एसटी सुटताना ते खिडकीशी आले. "काही सापडलं नाही, तरी कळवत जा."

त्यानंतर दरवर्षी खाणीवरून मी एक कार्ड टाकायचे : नाना, यंदाही नाही. उत्तर यायचं, "बरं. म्हणजे प्रोटॉन आपल्याला वाटलं त्याहून टिकाऊ आहे. बघत राहा."