पोट बिघडलेला माणूस

स्टोअरकीपर हुसैनमियाँची आणि उत्तम गायकवाडची पहिली भेट झाली त्या दिवशी मस्कतचं तापमान दोन अंशांनी वाढलं, असं हुसैनमियाँ स्वतःच सांगतात. त्यांचा आवाज ऐकलेला माणूस यावर शंका घेणार नाही. तो आवाज हर्णैच्या बंदरावर, वाऱ्याविरुद्ध, दोन होड्यांच्या अंतरावरून बोलण्यासाठी घडवलेला होता. मस्कतच्या रुवी भागातल्या ऑफिसच्या जेवणखोलीत तो मावत नसे. "कोण रे तो कोपऱ्यात?" एवढंच ते म्हणाले. पण कूलरमधलं पाणी हिंदकळलं, खालच्या मजल्यावरच्या न्हाव्याचा हात चुकून एका गिऱ्हाइकाची मिशी अर्धीच उरली, आणि कोपऱ्यात डब्याचं झाकण ढालीसारखं उभं धरून जेवणारा नवा इंजिनियर घास न चावता गिळून ताडकन उभा राहिला.

"मराठी ना तू? मग हिकडे ये की, मेल्या! ह्या स्टोअरकीपरच्या डब्यात बांगडा आहे आज."

"नको," उत्तम म्हणाला. "पोट बिघडलंय जरा."

पुढची तीन वर्षं ते पोट बिघडलेलंच राहिलं. खरं पाहता त्या पोटात दगड टाकला असता तरी विरघळला असता. जालन्याकडच्या ठेच्यावर वाढलेलं पोट ते! बिघडलं होतं ते दुसरंच काही. वाळवंटातल्या प्लांटवर शंभर फुटी मनोऱ्याच्या टोकाला, एका हातात शिडी आणि दुसऱ्या हातात पाना धरून हा माणूस शीळ घालत गेज दुरुस्त करायचा. पण खाली उतरल्यावर चार माणसं डबे उघडून बसलेली दिसली की त्याची पावलं आपोआप कोपऱ्याकडे वळायची.

त्याला कारण होतं. चिंचवडला पहिल्या नोकरीत तो चौघांबरोबर एका टेबलावर जेवायचा. भाज्यांची देवाणघेवाण चाले, एकमेकांच्या आईच्या लोणच्यावर शेरे मारले जात. एके दिवशी कुणीतरी सहज विचारलं, "गायकवाड म्हणजे कुठले रे तुम्ही?" त्याने सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी चौघे पलीकडच्या टेबलावर होते. भांडण नाही, शब्द नाही. एकाने तर हसून हातही हलवला. "इथे पंख्याचा वारा चांगला येतो रे," म्हणाला. उत्तमने वर पाहिलं. पंखा त्याच्याच डोक्यावर होता.

तेव्हापासून त्याची खात्री झाली होती, की माणसं एकत्र जेवायला बसली की कधी ना कधी तो प्रश्न येतो, आणि प्रश्न आला की दुसऱ्या दिवशी टेबल बदलतं. त्यापेक्षा आपलं झाकण बरं.

पण हुसैनमियाँ चिवट. रोज दुपारी हाक ठरलेली. पोटाचं कारण विटलं तेव्हा उत्तमने दाढदुखी पुढे केली. दाढ झिजली तेव्हा त्याने थेट देवांनाच हात घातला. "आज संकष्टी आहे माझी." घरी बुद्धवंदना म्हणणाऱ्या माणसाने संकष्टी धरावी, हा भीतीचाच चमत्कार.

"संकष्टी?" हुसैनमियाँ गरजले. "परवाच झाली की!"

"तुम्हाला काय ठाऊक?"

"अरे, संकष्टीला आमच्या बंदरावर मासळी कोण घेत नाय. माझा बाप चंद्र नाय बघायचा, सुरमईचा भाव बघून तिथी सांगायचा!"

त्या दिवसापासून उत्तमचं नाव 'पोटवाला' पडलं.

मस्कतबाहेर माबेल्याला, उत्तमच्या घरी, वेगळीच काळजी वाढत होती. त्याची मुलगी प्रणाली एकदा जेवताना म्हणाली, "बाबा, आम्ही सगळे डबे स्वॅप करतो. अफशाची बिर्याणी मी खाते, आणि माझा तो... व्हॉट डू यू कॉल इट... ठेचा! सगळ्यांना आवडतो."

उत्तमने भाकरी खाली ठेवली. "कुणी काही विचारलं?"

"काय विचारणार?"

"अहो," त्याची बायको कांता पाण्याचा पेला सरकवत म्हणाली, "तिला तुमची भीती वाढू नका. तिच्या ताटात जागा नाही."

आणि मग २०१५ची बकरी ईद आली. बरकाला राहणारा साइट सुपरवायझर खमीस याने सगळ्यांना शुव्याला बोलावलं. शुवा म्हणजे मसाला चोपडलेलं मटण पानांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत दिवसभर पुरायचं, आणि ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उकरून सगळ्यांनी मिळून खायचं. 'सगळ्यांनी मिळून' हे शब्द ऐकताच उत्तमने फोन लावला. "खमीसभाई, पेट खराब है."

"पेट? अच्छा!" म्हणून खमीसने फोन ठेवला. उत्तमने सुटकेचा श्वास सोडला, तो पुरता बाहेर पडतो न पडतो तोच इमारतीखाली हॉर्न वाजला. खमीस स्वतः गाडी घेऊन आला होता. हातात वाळवलेल्या लिंबांच्या काढ्याचा थर्मास. "ये पियो. दर्द खलास. यल्ला, चलो!" मागच्या सीटवर हुसैनमियाँ पसरले होते. कांता वरून हात हलवत होती. अपहरण झालेल्या माणसाला एवढ्या आनंदाने निरोप देणारी बायको आखाती देशांत दुसरी नसेल.

खमीसच्या बैठकीत गालिच्यावर प्लास्टिक अंथरलं होतं, आणि त्यावर जे ठेवलं गेलं ती परात नव्हे, परातीची पणजी होती. भाताचा डोंगर, वर मटण. भोवती चार माणसं, मांडीला मांडी लावून. उत्तमने आपली ताटली शोधली. ताटली नव्हती. चमचा नव्हता. आड धरायला झाकण तर नव्हतंच. डावीकडे खमीसचा गुडघा, उजवीकडे हुसैनमियाँचा. मधून उंदीरसुद्धा निसटला नसता.

इतक्यात सबनीस येऊन बरोबर समोर बसले. मुकुंद सबनीस, दोन महिन्यांपूर्वी आलेले प्लॅनिंग मॅनेजर, मुक्काम अल् घुब्रा, मूळ पुणे. घरी शुद्ध शाकाहारी आणि ओमानी घरात शुद्ध मांसाहारी.

"बिस्मिल्ला," खमीस म्हणाला आणि पाच हात भातात गेले.

मटण हाडावरून आपणहून उतरत होतं, संकोची पाहुण्याला जागा करून द्यावी तसं. लवंग, लसूण, धुराचा वास. उत्तमने एक घास घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या घासाला त्याच्या लक्षात आलं की आपला हात आणखी चार हातांच्या शेजारी एकाच भातात आहे आणि आपण भ्यायचं विसरलोय.

नेमका तेव्हाच प्रश्न आला.

"मराठी ना तुम्ही? ऑफिसात सगळे 'पोटवाला'च म्हणतात. आडनाव काय?" सबनीसांनी विचारलं. ही मराठी माणसाची इमिग्रेशन तपासणी. इथे पासपोर्ट चालत नाही.

"गायकवाड."

"वा! बडोद्याच्या बाजूचे?"

"नाही. जालन्याकडचे."

"मग गावची पाटीलकी असेल तुमच्याकडे!"

दार सताड उघडं होतं. नुसती मान हलवायची, की पार! बोटांतला भात दगडासारखा झाला. पोट बिघडलंय म्हणावं, तर तोंडात एवढा मोठा घास. दाढ म्हणावी, तर त्याच दाढेखाली हाड. सगळी कारणं संपली होती. त्याने नकळत वर पाहिलं. पंखा नव्हता. एसी होता, आणि त्याचा वारा सगळ्यांना सारखाच लागत होता.

घास गिळून तो म्हणाला, "नाही. आम्ही बौद्ध."

"अच्छा, अच्छा," सबनीस म्हणाले. "छान. छान." त्यांचा हात परात आणि तोंड यांच्या मध्ये थांबला. मग हळूच खाली आला आणि घास त्यांनी परातीच्या काठावर ठेवला. "मला वाटतं... पोट ठीक नाहीये माझं."

सबनीसांचं दुर्दैव असं, की या विषयातला ओमानमधला सर्वांत मोठा जाणकार त्यांच्या समोर बसला होता. आधी वाक्य, मग पोटावर उशिरा गेलेला हात, मग दाराकडे वळलेले डोळे. उत्तमने ते सगळं स्वतः केलेलं होतं. फरक इतकाच की त्याने ते भीतीने केलं होतं. आता हुसैनमियाँना कळणार, खमीसला कळणार. उजवीकडचा गुडघा सरकायची तो वाट बघत राहिला.

गुडघा सरकला नाही. तो हलवायला क्रेन लागली असती.

"पोट?" हुसैनमियाँचा आवाज चढला. "साहेब, मगाशी दोन वाट्या हलवा हाणलात तेव्हा बरं होतं की!"

"पेट? अच्छा!" खमीस खूश झाला. पोट बिघडलेला दुसरा पाहुणा! त्याने थर्मास मागवला आणि सबनीसांच्या हातात काढ्याचा पेला दिला. ओमानी परातीत ज्याच्या समोरची बाजू त्याची. आणि एखादा मागे सरला तर त्याची बाजू वाया जाऊ देत नाहीत. खमीसने सबनीसांसमोरचं मटण ओढून उत्तमच्या पुढ्यात रचलं. "खाओ, खाओ! शरम नहीं!"

उत्तम खात राहिला. भीती गेली नव्हती. भात मांडीवर सांडत होता. तो भीतीसकट जेवला, दोन माणसांचं जेवला. समोर सबनीस तोंड वाकडं करून वाळलेल्या लिंबाचा काढा पीत होते.

परतीच्या वाटेवर हुसैनमियाँ हळू आवाजात बोलले. त्यांचा एवढा हळू आवाज कुणी ऐकला नव्हता. खमीसने दोनदा मागे वळून खात्री केली.

"पोटवाल्या, तीन वर्षं हे होतं होय?"

"होय."

"मेल्या! आणि मी समजत होतो, माझ्या बांगड्याला वास येतो."

दुसऱ्या दिवशी उत्तमचं पोट खरोखरच बिघडलं. त्याने ऑफिसला फोन केला. कुणीही विश्वास ठेवला नाही. बरा झाल्यावर तो चार महिने हुसैनमियाँच्या टेबलावर जेवला. सबनीस त्यांच्या केबिनमध्ये जेवत.

मग तेलाचे भाव आणखी पडले आणि कंपनीने माणसं कमी केली. उत्तम आणि सबनीस एकाच विमानाने मुंबईला परतले, एकाच रांगेत. जेवण आलं. प्रत्येकाला वेगळा ट्रे होता. या वेळी कुणाचंच पोट बिघडलं नाही.